ओसाड रकान्यातली वस्ती

नऊ मार्च, सोमवार. सकाळी सव्वाआठ. ठिकाण : खडी क्रशरच्या मागची वस्ती, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत.

हजर : मी, सांख्यिकी सहायक. आमच्या जीपचे ड्रायव्हर. गावचे तलाठी, अर्धा तास उशिरा. कडूबाई, वय साठीच्या पुढे, वस्तीच्या मधोमध हिचं पत्र्याचं घर. आणि चाचा.

चाचांच्या नावापुढे मी वहीत ‘हजर’ लिहिलं तेव्हा ते समोर नव्हते. जीप थांबायच्या आत उतरून ते टेकाड चढून पलीकडे गेलेसुद्धा होते. ड्रायव्हर म्हणाले, “मॅडम, यांना हजर लिहू नका. येऊन गेले, असं लिहा.”

चाचा म्हणजे भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले मोजणीदार. आमच्या कार्यालयानं त्यांना मानधनावर घेतलं होतं, कागदावरचं क्षेत्र जागेवर जाऊन तपासायला. वय एकाहत्तर. अंगानं वाळलेले, पायांत टायरच्या चपला, डोक्यावर कापडी टोपी. खांद्याला गोणपाटाची पिशवी, तिच्यात तेहेतीस फुटी लोखंडी साखळी. मोजणीचं काम आता यंत्रावर होतं, अशा साखळ्या कुठं दिसत नाहीत. चाचा तिला जरीब म्हणायचे आणि तिच्या कड्या दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी रॉकेलच्या चिंधीनं पुसायचे. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा खोबरेल लावू लागले. मग पिशवीला घरातल्या डब्यासारखा वास यायचा.

मी गेली पाच वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं. या पाच वर्षांत मी त्यांना बसलेलं किती वेळा पाहिलं ते बोटांवर सांगता येईल. चहा उभ्यानं. डबा व्हरांड्यात फिरत, एका हातात भाकरी घेऊन. बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायचे, ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि पाच मिनिटांनी भिंतीकडेनं चालायला लागायचे. सुरुवातीला मला वाटायचं, मूळव्याध असेल. विचारलं तर म्हणाले, “बाई, चाळीस वर्षं उभ्यानं नोकरी केली. बसलं की वाटतं निलंबित झालो.”

चालताना ते मोजायचे. ओठ हलत नसत, पण उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं. आमचा व्हरांडा एकेचाळीस पावलं, जिन्यापासून साहेबांच्या दारापर्यंत सतरा. जालन्याच्या एमआयडीसीतून जीप जात असली की ते खिडकीतून बोट दाखवायचे. “ते रोलिंग मिलचं गेट दिसलं? तिथं मी ज्वारीत जरीब वढली होती. कणसं खांद्याला लागत होती.” पुढचं गेट आलं की तिथली तूर. ते रडगाणं नसायचं. ते नुसतं सांगायचे, कुठं काय होतं, आणि अंगठा फिरतच असायचा.

मी नवा फ्लॅट घेतला तेव्हा पेढे द्यायला त्यांना घरी बोलावलं. पेढा तोंडात टाकून ते आधी चारही खोल्यांतून फिरून आले. मग बिल्डरचा कागद मागितला. परत फिरून आले. “बाई, बारा चौरस फूट कमी हाय.”

मी म्हटलं, “चाचा, बाराच ना? जाऊ द्या.”

“जाऊ द्या कसं? बारा फुटात एक माणूस झोपतो. तुमच्या घरातला एक माणूस बिल्डरनं आधीच बाहेर काढून ठेवला.”

यजमान हसले. मी हसले नाही, कारण त्या आठवड्यात सासूबाई राहायला येणार होत्या आणि त्यांची गादी कुठं घालायची हेच माझ्या यादीत पहिलं होतं.

क्षेत्रफळ ते असंच सांगायचे. माणसं झोपवून, शेळ्या बांधून, बाज टाकून. ‘हेक्टर’ हा शब्द त्यांना येत होता, पण तो ते फक्त साहेबांशी बोलताना वापरायचे.

आता साहेबांबद्दल. साहेब तरुण, हुशार, वागायला चांगले. जिल्ह्याकडून आदेश आला होता की प्रत्येक तालुक्याचा किती विकास झाला ते जमिनीच्या वापरावरून दाखवायचं. किती जमीन शेतीखालून निघून घरं, रस्ते, कारखाने यांच्याखाली गेली, तो आकडा वाढला म्हणजे विकास झाला. साहेबांनी उपग्रहाची चित्रं मागवली. जिथं पांढरं चकचकीत दिसलं तिथं संगणकानं ‘बांधकाम’ असा लाल रंग भरला. चित्र भिंतीवर आलं आणि सगळे खूष झाले. एक गाव तर पूर्ण लाल होतं.

चाचा भिंतीकडेनं चालत होते. ते त्या गावापाशी थांबले.

“साहेब, इथं काय हाय म्हणता?”

“औद्योगिक पट्टा, चाचा. बघा किती शेड्स.”

“हे शेडनेट हाय. मिरचीचं बी पिकून राह्यलंय तिथं, कंपन्यांसाठी. अन् हे चौकोन म्हणजे शेततळी, खाली प्लास्टिक हाथरलेली. गावात साधं पंक्चरचं दुकान न्हाई.”

खोलीत हशा पिकला. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, “वाटूरहून येताना रस्त्याच्या कडंला प्लॉटिंग बघा. पांढरे दगड रोवून ठेवलेत, घर एक न्हाई. कागदावर बिगरशेती. आत शेळ्या चरून राह्यल्यात. विकास झालाय, पण शेळ्यांचा.”

त्या दिवशी ठरलं की तक्ता पाठवण्याआधी जिथं शंका आहे तिथं चाचांनी चालून यावं, आणि नोंद ठेवायला बरोबर मी जावं. अशी मी या गोष्टीत आले.

खरं तर मी आधीपासूनच या गोष्टीत होते. ते सांगायलाच हवं.

जमीन वापराच्या तक्त्यात नऊ रकाने असतात. जंगल, बिगरशेती, ओसाड व लागवडीस अयोग्य, कुरण, पड, पेरणी वगैरे. गावोगावचे आकडे तलाठ्यांकडून येतात. तालुक्याचं एकूण क्षेत्र मात्र ठरलेलं, ते वर्षानुवर्षं तेच. नऊ रकान्यांची बेरीज त्या एकूण आकड्याशी जुळली पाहिजे, आणि ती कधीच जुळत नाही. कुणी बांधावरचं क्षेत्र दोनदा लिहितं, कुणी रस्ता विसरतं. मग जो फरक उरतो तो आम्ही ‘ओसाड’ या रकान्यात टाकतो. त्या रकान्याबद्दल कुणी विचारत नाही. तिथं पीक नाही, घर नाही, तक्रार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आधीच्या बाईंनी हे दाखवलं, मी माझ्यानंतर लागलेल्या मुलीला दाखवलं. पंधरा वर्षं तो तक्ता माझ्या अक्षरात आहे. स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. त्याबद्दल मला एकदा प्रशस्तिपत्रही मिळालं आहे.

चाचांनी त्या पंधरा वर्षांचे तक्ते मागितले. मी कपाटातून काढून दिले. ते व्हरांड्यात चालत चालत वाचत राहिले. चौथ्या फेरीला माझ्या टेबलाशी आले.

“बाई, ही ओसाड जमीन दरसाल वाढून राह्यली. जमीन अशी कशी ओसाड होती? कुणी शाप दिला का?”

मी खरं ते सांगितलं. फरक तिथं टाकतो, सगळीकडे तसंच करतात.

ते तक्ते घेऊन परत व्हरांड्यात गेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. कोणत्या गावाच्या ओसाड रकान्यात जास्त भर पडली ते त्यांनी माझ्याच तक्त्यांतून काढलं होतं, आणि ते तिथं एकटे चालून आले होते. परत आले ते थेट माझ्या टेबलाशी.

“बाई, तुमच्या रकान्यात माणसं राहून राह्यलीत.”

ती ही वस्ती. क्रशरवर कामाला आलेली कुटुंबं, रस्त्याचं काम संपलं तरी राहिलेली. एकोणीस घरं. मुलं शाळेत जातात, आधार कार्डं आहेत, मतदान करतात. जमिनीच्या कागदावर मात्र मुरमाड माळ, लागवडीस अयोग्य. आणि यंदा गावाची नळयोजना मंजूर झाली होती, तिची पाइपलाइन कुठं कुठं न्यायची ती यादी आमच्याच तक्त्यात बिगरशेतीखाली येणाऱ्या ‘रहिवासी वापर’ या आकड्यावरून होणार होती. एकतीस मार्चपर्यंत आकडा गेला नाही तर पाइप गावठाणाशीच थांबणार.

म्हणून नऊ मार्चला आम्ही तिथं होतो.

चाचा एकदा येऊन गेले होते, तरी जीप बघून कडूबाईनं आधी ओळख दाखवली नाही. “कशाचे तुम्ही? घरं पाडायचे का?”

“न्हाई बाई,” चाचा म्हणाले, “मोजायचे.”

“मोजून मंग पाडायचे?”

“मोजलेलं घर पाडायला जड जातं. न मोजलेलं कवाबी पडतं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. का डोलावली ते मला तेव्हा माहीत नव्हतं, घरं पडणार नाहीत असं सांगणं माझ्या हातात नव्हतं. मग ती बोलायला लागली. पाणी खदानीतून आणतात. खदान म्हणजे दगड काढून झालेला खड्डा, पावसाचं पाणी साठलेला, उतरायला कोरलेल्या पायऱ्या. “माझी सून मागच्या वैशाखात पाण्याला गेल्ती. पाय घसरला. हात मोडला म्हणून वाचली, हात अडकला पायरीत. न्हाईतर गेलीच होती. आता नातीला धाडावं लागतं.” नात सहावीत. तिथंच उभी होती, कळशी घेऊन.

मोजणी सुरू झाली. जरिबेचं एक टोक ड्रायव्हरनं धरलं, दुसरं चाचांनी. मी वही घेऊन मागं. पहिली बाजू निंबापासून क्रशरच्या भिंतीपर्यंत. दुसरी भिंतीपासून विजेच्या खांबापर्यंत. तिसरी खांबापासून कोरड्या हौदापर्यंत, चौथी हौदापासून परत निंबाला. तलाठी तोवर आले आणि मोबाईलवर मोजणीचं अ‍ॅप लावून वस्तीभोवती फिरले. तीन फेऱ्यांत तीन आकडे आले. “मधला घ्या,” ते म्हणाले. चाचा म्हणाले, “तलाठीसाब, तुम्ही तिन्ही घ्या. एक गावाला द्या, एक तालुक्याला, एक बायकोला.”

साडेदहाला चारही बाजू माझ्या वहीत होत्या. मी खाली रेघ मारली आणि म्हटलं, “झालं.”

“झालं कसं? कर्ण राह्यला.”

“चार बाजू आहेत ना चाचा.”

कडूबाईच्या दारात एक बाज होती, सुंभ सैल झालेलं, पाय डुगडुगणारे. चाचांनी मला तिच्यापाशी नेलं आणि एका कोपऱ्याला ढोपर लावून ढकललं. बाज तिरपी झाली. “बाजू बदलल्या का? चारी त्याच. पण झोपायला जागा कमी झाली का न्हाई?” आणखी ढकललं. “अजून कमी. आता ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याला दोरी बांधली, की बाज हलत न्हाई. तो कर्ण. कर्णाशिवाय ही जागा अशीच हलत राहील. कोणीबी ढोपर लावंल.”

पंधरा वर्षं मी क्षेत्रफळाचे आकडे लिहिते. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

अडचण अशी की निंबापासून खांबापर्यंतचा कर्ण कडूबाईच्या घरातून जात होता. दारातून आत, चुलीशेजारून, आणि मागच्या पत्र्याच्या भिंतीला जाऊन आपटत होता. मागं दार नाही. दुसरा कर्ण हौदापासून क्रशरच्या भिंतीपर्यंत, तो खदानीच्या खड्ड्यावरून.

“बाजूनं वळवा की चाचा,” तलाठी म्हणाले. “काटकोन काढून घर चुकवता येतं, तुम्हालाच जास्त माहीत.”

“येतं. सगळं चुकवता येतं. एवढी वर्षं चुकवलंच की.” चाचांचा आवाज कधी चढत नसे, आता चढला. “आज रेघ घरातून जाणार. घर रेघेत आलं पाहिजे.”

हा हट्ट होता. मी तसं बोललेही. त्यांनी ऐकलं नाही, ते दारापासून मागच्या पत्र्यापर्यंत पावलं टाकत राहिले, जा ये, जा ये, चुलीवरचं पातेलं चुकवत. कडूबाई बघत होती. शेवटी तीच म्हणाली, “चाचा, असं फिरू नका, चक्कर येऊन राह्यली मला. मागचा पत्रा काढून देते. चार खिळे त्याला. पण पोरगं रविवारी घरी असतं, तवा.”

“बिलकुल,” चाचा म्हणाले. “रविवारी. बराबर आठ.”

मी वहीत लिहिलं : रविवार, पंधरा मार्च, कर्ण.

गुरुवारी, बारा तारखेला, चाचा वाटूर फाट्यावर बसमधून पडले. बस थांबायच्या आत उतरणं ही त्यांची जुनी खोड. पन्नासदा मी सांगितलं असेल. कमरेचं हाड मोडलं. शनिवारी मुलगी येऊन त्यांना परभणीला घेऊन गेली. जाण्याआधी मी दवाखान्यात गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आडवं पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. काय मोजताय विचारलं, तर छताकडे बघत म्हणाले, “पंखा. मिनिटाला किती फिरतो.” मग पिशवी माझ्याकडे ढकलली. “बाई, जरिबेला दोन माणसं लागतात. तुमच्याकडं ड्रायव्हर हाय.”

पंधरा तारखेला मी गेले नाही. कारण वहीत लिहिलं आहे : साहेब बाहेरगावी, जीप उपलब्ध नाही. ते खरं आहे. जीप नसली तरी माझी स्कूटी होती, तेही खरं आहे.

खरं कारण दुसरं. कर्ण मोजला की क्षेत्र निघणार. क्षेत्र निघालं की ते ओसाड रकान्यातून काढून रहिवासी रकान्यात घालावं लागणार, आणि खाली शेरा लिहावा लागणार की मागील वर्षांचे तक्ते चुकीचे होते. ते तक्ते माझ्या अक्षरात. सही माझी. खुलासा माझ्याकडे मागतील. पदोन्नतीची यादी मे महिन्यात आहे आणि तीत माझं नाव दुसरं आहे.

चाचांचा फोन रोज सकाळी आठला येतो. नमस्कार, तब्येत काही नाही. “झालं का?”

“उद्या, चाचा.”

“बरं.” आणि फोन बंद. पाचव्या दिवशी मुलगी मागून बोलताना ऐकू आली, “अब्बा, सारखे उठून बसू नका, डॉक्टरनं सांगितलंय ना.” ते तिला म्हणाले, “मी कुठं उठलो? फोन उठला.”

बावीस तारखेच्या रविवारीही मी गेले नाही. वर्षअखेरीची कामं होती. खरोखरच होती, यादी दाखवू शकते, अठरा बाबी. सतरांवर खूण आहे.

आज अठ्ठावीस मार्च, शनिवार. सकाळी आठला परभणीचा फोन आला नाही. मी सव्वाआठपर्यंत वाट पाहिली. मग मीच लावला. मुलीनं उचलला. म्हणाली, रात्रभर जागे होते, आता डोळा लागलाय, उठवू का? मी म्हटलं, नको.

फोन ठेवला आणि लगेच वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मॅडम, मी कडूबाई. नातीच्या शाळेतल्या बाईंच्या फोनवरून बोलून राह्यले. तुमचा नंबर चाचांनी लिहून देल्ता.”

“बोला.”

“पत्रा काढून ठेवलाय ना आम्ही, त्या रविवारपासून. मागून वारं येतंय, चूल पेटत न्हाई. कुत्रं बी येतं आत. पोरगं म्हणतं, लावून टाकू. मी म्हटलं, आधी विचारते. लावू का राहू देऊ?”

पंधरा तारखेपासून. म्हणजे तेरा दिवस त्या घराला मागची भिंत नाही, आणि मी इथं टाचण्यांच्या डब्या मोजून घेतेय.

“राहू द्या,” मी म्हटलं.

“उद्या येता मंग?”

“आठ वाजता.”

“बराबर आठ? का चाचांचे आठ?”

“चाचांचे आठ म्हणजे?”

“मागं एकटे आल्ते, तवा पावणेआठलाच येऊन उभे होते. म्हणले, आठ वाजले.”

ड्रायव्हरना फोन केला, ते लग्नाला चाललेत, उद्या नाहीत. तलाठ्यांचा फोन बंद. जरिबेचं दुसरं टोक धरायला माणूस हवा, तो वस्तीत मिळेल, कडूबाईचा मुलगा असेल. पिशवी स्कूटीच्या डिकीत ठेवली आहे, डिकीला खोबरेलाचा वास लागलाय. वही घेतली. शेऱ्याचा मसुदा करायला बसले आणि उठले, परत बसले, परत उठले. ‘मागील वर्षांचे तक्ते’ इथपर्यंत लिहून झालं आहे. पुढचं उभ्यानं लिहावं लागेल असं दिसतं.

बाब अठरा. निंब ते खांब, कर्ण. बाकी.